मागच्या दाराची कडी

मागच्या दाराची कडी आज पहिल्याच झटक्यात उघडली आणि ताईचं डोकं तिथल्या तिथे फिरलं.

इतकी वर्षं त्या दाराशी कुस्ती खेळावी लागायची. खांद्याने ढकला, गुडघ्याने रेटा, वर दोन शिव्या घाला, तेव्हा कुठे ते आत घ्यायचं. ताई दर खेपेला सांगायची, अगं, ती कडी बघ. वहिनी दर खेपेला म्हणायची, हो ताई, बघते. आणि आज? आज तिथे नवीकोरी कडी, तेलपाणी केलेली, एका बोटाने सरकणारी!

म्हणजे नणंदेने घसा कोरडा केला तर नाही, पण पाहुण्याने एकदा लिहिलं की लगेच.

आता यातली गोम अशी होती, की तो पाहुणा कोण हे ताईला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतःच तो पाहुणा होती. स्वतःचाच हेवा वाटण्याची वेळ जगात फार कमी जणांवर येत असेल. ताईवर ती आली होती, आणि तीही हातात अभ्र्यांचं गाठोडं घेऊन पायरीवर उभं असताना.

तलावाकाठचं हे घर वडिलांनी बांधलं, पण चालवलं आईने. वडील गेल्यावर आईने चार-चार दिवसांसाठी पाहुणे ठेवायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर दोन नियम केले. पहिला, पाहुणे असताना घरच्यांनी मागच्या दाराने यायचं. पुढचं दार पाहुण्यांचं. दुसरा, एकदा हो म्हटलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. एका वर्षी खोल्यांचा घोळ झाला तेव्हा आईने स्वतःचा पलंग पाहुण्यांना दिला आणि आपण सामानाच्या खोलीत गादी टाकून झोपली. सकाळी कंबर धरून हसत सगळ्यांना चहा दिला. तो किस्सा घरात इतक्यांदा सांगून झाला होता, की धाकट्या बहिणीला, चिमीला तर तो स्वतः पाहिल्यासारखा वाटायचा. खरं तर तेव्हा ती पाळण्यात होती.

ताईचं शिवणाचं दुकान तिथून दोन रस्ते पलीकडे. घराचे पडदे, अभ्रे, पलंगपोस सगळं तिच्या मशिनवरचं. अभ्र्याची दुमड आत वळवून दुहेरी टीप, म्हणजे कितीही धुवा, उसवायची नाही. दर महिन्याला गाठोडं घेऊन ती मागच्या दाराने यायची आणि मागच्या दाराने जायची. पाहुणे नसले तरी पाय आपसूक मागेच वळायचे. ज्या घरात ती वाढली, त्याच्या पुढच्या दाराची बेल कशी वाजते हे ती विसरून गेली होती.

आणि किल्ल्या? आईचे गुडघे गेले तेव्हा आईने खिळ्यावरचा जुडगा काढला आणि ताईच्या डोळ्यांदेखत सुनेच्या हातात ठेवला. वर ताईला म्हणाली, "तुझं दुकान आहे गं. तुला कशाला हा ताप!" आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य अजून ताईच्या घशात होतं, खालीही उतरत नव्हतं आणि बाहेरही येत नव्हतं.

तेव्हापासून वहिनी घरमालकीण. नात्याने धाकट्या भावाची बायको, पण घरातली लहानथोर सगळीच तिला वहिनी म्हणत, म्हणून ताईही. घराची जाहिरात आता मोबाइलवर असायची, तिच्यात वहिनीचा हसरा फोटो, आणि खाली पाहुण्यांची कौतुकं. 'यजमानीण फारच प्रेमळ.' 'अगदी घरच्यासारखं वाटलं.' दुकानात गिऱ्हाईक नसलं की ताई ती एकेक वाचायची आणि स्वतःचं रक्त आटवून घ्यायची. घरच्यासारखं! जिचं घर, तिला कधी वाटावं?

गेल्या महिन्यात असंच वाचता वाचता तिने ते करून टाकलं. खोटं नाव घातलं, दुकानातल्या दुसऱ्या फोनचा नंबर दिला, एक व्यक्ती, वरची खिडकीची खोली, मुक्काम आठवडाभर. पैसे भरले. खरा पाहुणा वाटावा म्हणून कुरकुरही लिहिली: मागच्या दाराची कडी अडकते असं ऐकलंय, तेवढी बघून ठेवावी. उलट उत्तर आलं, 'नक्की. आपलं स्वागत आहे.' वहिनीने आपल्याला 'आपलं' म्हटलं हे वाचून ताईला दिवसभर गुदगुल्या होत होत्या. बेल वाजवायची, वहिनी दार उघडणार, तिचा तो फोटोतला हसरा चेहरा खाडकन उतरणार, आणि तरीही तिला 'या' म्हणावंच लागणार. पुढचं ताईने ठरवलंच नव्हतं. ते 'या' ऐकायचं, बस्स.

आणि त्याच आठवड्यात भावाचा, बापूचा फोन आला. घर विकायचं.

"ताई, तिथेच का उभ्या? या ना आत," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली.

हे 'या' ते 'या' नव्हे, ताई मनात म्हणाली आणि गाठोडं ओट्यावर ठेवलं. "कडी बसवलीस वाटतं."

"हो. बसवून टाकली."

"विकताना बरी आठवण झाली."

वहिनीने चहात साखर घातली आणि ती चमचा फिरवत राहिली. तिचं हे न बोलणं ताईला बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

तेवढ्यात पुढून बेल वाजली. पाठोपाठ चाकाच्या बॅगेची खडखड आणि "आले गं बाई एकदाची!" ही आरोळी. चिमी. लांबच्या शहरात नोकरी, वर्षातून एकदा उगवणार, आणि पुढच्या दाराने येणार. आईच्या वेळीसुद्धा पाहुण्यांच्या देखत चिमी पुढूनच शिरायची आणि आई फक्त हसायची. नियम ताईसाठी होते.

बापू तिच्या मागोमाग आला. बापूचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे कुणाशी बोलायचं झालं की तो आधी समोरच्याच्या चष्म्याकडे बघतो, मग माणसाकडे. आजही त्याने ताईच्या नाकावरचा चष्मा सरळ केला आणि म्हणाला, "बसा सगळे. डॉक्टरीणबाई यायच्या आत आपलं आपसात ठरू दे."

डॉक्टरीणबाई म्हणजे घर घेणारी. दातांची डॉक्टर. खाली दवाखाना काढायचा, वर राहायचं, असा तिचा बेत होता.

चौघं जेवणाच्या टेबलाशी बसली. बापूने कागद पसरले. "तिघांच्या सह्या लागणार. माझी, ताईची, चिमीची. भाव ठरलाय, त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. एकच अडचण आहे. आलेली बुकिंगं."

वहिनीने फोनवरचं कॅलेंडर उघडून मधोमध ठेवलं. "हा आठवडा मी मोकळा ठेवलाय. पुढची तीन बुकिंगं ताबा द्यायच्या आधीची आहेत, त्यांचं काही नाही. हे शेवटचं तेवढं ताब्याच्या तारखेवर पडतंय."

"कोण आहे?" चिमीने विचारलं.

"एक बाई आहेत. एकट्याच."

ताई कपात बघायला लागली. कपात चहा होता, दुसरं काही नव्हतं.

"एकट्या बाईला इथे आठवडाभर काय करायचंय?" चिमी म्हणाली. "वेडी दिसतेय."

"वेडी कशाने?" ताई फाडकन बोलली. "पैसे भरून येतेय ना? खिडकीत बसेल, तलाव बघेल, नाहीतर पालथी पडून झोपेल. तुला काय करायचंय?"

"अगं, तुला एवढं चिडायला काय झालं?"

"चिडतंय कोण? आईचा नियम सांगतेय. हो म्हटलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. घर विकलं म्हणून आईसुद्धा विकली का?"

झालं! चिमीचे डोळे लगेच भरले. आईचं नाव निघालं की चिमी रडणार आणि ती रडली की ताईच्या बाजूने होणार, हे ताईला लहानपणापासून माहीत होतं. तसंच झालं. "ताई म्हणते ते बरोबर आहे," चिमी नाक पुसत म्हणाली. "त्या बाईचा आठवडा झाल्यावर देऊ ताबा. डॉक्टरीणबाई थांबतील की."

बापूने कपाळाला हात लावला. "तू काय, उद्या गाडीत बसून जाशील. इथे निस्तरायचं आम्ही."

"बघा, आम्ही!" ताई म्हणाली. "आम्ही म्हणजे कोण रे? तू आणि ही. आमच्या फक्त सह्या."

वहिनी बोटाने टेबलावरचे साखरेचे कण गोळा करत होती.

डॉक्टरीणबाई आल्या त्या घराच्या तोंडात बघितल्यासारखं बघतच. भिंतींवर टकटक केलं, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, नळ सोडले आणि बंद केले. वरच्या खोलीत मात्र थांबल्या. पडद्याची चुण अंगठ्याखाली धरून म्हणाल्या, "किती सुरेख काम आहे हो! पडदे ठेवणार ना इथे? आणि हे अभ्रे! तुमची निवड छान आहे."

हे त्या वहिनीकडे बघून म्हणाल्या.

ताई दारातच होती. आता सांगेल, आता सांगेल, म्हणून तिने पदर सारखा केला, चष्मा पुसला. वहिनी म्हणाली, "हो, घरचंच शिवण आहे."

घरचंच! म्हणजे जसं काही पडदे या घराला आपोआप फुटले होते. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. एक शब्द, नुसता 'ताईंचं' एवढा एक शब्द जास्त बोलली असती तर हिच्या जिभेला काय फोड आले असते? तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता खुर्चीवर चढावं, दोन्ही पडदे खसाखसा ओढून काढावेत आणि काखेत मारून चालू पडावं.

खाली आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं. "घर मला आवडलंय. पण रिकामं हवं, आणि ठरलेल्या दिवशीच हवं. दवाखान्याची खुर्ची त्या दिवशी येणार आहे, ती बसवणारा माणूस बाहेरगावाहून येणार आहे. तुमच्या पाहुण्या बाईंसाठी मी खुर्ची रस्त्यावर ठेवू शकत नाही. नाहीतर पलीकडच्या काठावर एक घर बघून ठेवलंय, तिकडे जाईन. तोवर मी तुमचा तलावावरचा धक्का बघून येते. बोला आपसात." आणि त्या तलावाकडे उतरल्या.

दार लागल्याबरोबर चिमी फिरली. "ताई, खरं सांगू? एका अनोळखी बाईसाठी असं गिऱ्हाईक घालवणं म्हणजे फार होतंय. बापू, फोन कर तिला. माफी माग, पैसे परत दे, विषय संपव."

"आत्ता तर माझ्या बाजूची होतीस!" ताई म्हणाली.

"अजूनही आहे. पण धक्क्यावरून त्या परत येतील तेव्हा काय सांगणार?"

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली. आवाज जरा वरच लागला. "ती बाई येऊन राहून गेल्याशिवाय माझी सही नाही. पलीकडच्या काठावर जाऊ दे नाहीतर डोंगरावर जाऊ दे."

बापू तिच्याकडे बघतच राहिला. या वेळी चष्म्याकडे नाही, तिच्याकडे. "ताई, ती बाई तुझी कोण लागते गं?"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानातला दुसरा फोन तिच्या पिशवीत होता, पिशवी खुर्चीला अडकवलेली होती, आणि फोनचा आवाज कसा बंद करतात हे तिला आजवर जमलेलं नव्हतं.

"नंबर आहे ना इथेच?" चिमीने टेबलावरचा फोन उचलला. "तुम्हाला कुणाला जमत नसेल तर मी लावते. मला काय, ना ओळख ना पाळख."

वहिनीने तिच्या हातातून फोन काढून घेतला. अगदी हळूच, पण घेतलाच. "नको चिमी. पाहुण्यांशी मीच बोलते. वर जाऊन बोलते, इथे रेंज नसते." मग ताईकडे न बघता म्हणाली, "ताई, जरा चला. पडदे काढायला हात लागेल."

रेंज तर सगळ्या घरात होती. चिमी काहीतरी बोलणार होती, पण बापूने तिला डोळ्यांनीच दटावलं.

वर आल्यावर वहिनीने दार लोटलं आणि खिडकीकडच्या पलंगावर बसली. फोन मांडीवर ठेवला. "लावू?" तिने विचारलं. "खाली पिशवीत वाजेल. चिमी उचलेल."

ताईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण जमीन तिच्याच वडिलांनी घातलेली, चांगली भक्कम. "तुला कधी कळलं?"

"कडीचं वाचलं तेव्हाच. ताई, पाहुण्यांना या घराला मागचं दार आहे हेच ठाऊक नसतं. फोटोत नाही, माहितीत नाही. 'असं ऐकलंय' म्हणे! कुणाकडून ऐकणार? त्या दाराने येऊन-जाऊन दोघीच. तुम्ही आणि मी."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"पाहुण्याला नाही कसं म्हणणार? आणि म्हटलं बघू या तरी, कसल्या तोंडाने बेल वाजवतायत."

ताईला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींच्या आधी राग आला, कारण तो सवयीचा होता. "हस तू. तुला हसायला काय जातं? किल्ल्या तुझ्याकडे, फोटो तुझा, कौतुकं तुझी. मी मरमर मरून शिवायचं, आणि तू म्हणणार, घरचंच आहे. माझं नाव घ्यायला जड होतं का तुला?"

"एकदा घेतलं होतं," वहिनी म्हणाली. "तुमच्या दुकानाची कार्डं प्रत्येक खोलीत ठेवली होती मी. आठवतंय? तुम्ही काय म्हणालात? 'मला भिकेला लागल्यासारखी जाहिरात नको.' सगळी उचलून घेऊन गेलात. तेव्हापासून मी घरचंच म्हणते."

ते खरं होतं. ताई हे साफ विसरली होती, किंवा विसरणं सोयीचं होतं. ती समोरच्या पलंगावर बसली.

"आणि किल्ल्या," वहिनी पुढे म्हणाली. आता तिचाही आवाज बदलला होता. "तुम्हाला त्या किल्ल्या दिसतात. मला काय दिसतं सांगू? संडास. लोकांचे संडास, ताई. न्हाणीच्या जाळीत अडकलेले लोकांचे केस. एकाने सांडलं ते पुसावं तोवर दुसरा दारात उभा, की मी हसायचं. कंबर मोडत असली तरी फोटोतल्यासारखं हसायचं. आईंनी मला मान दिला असं वाटतं तुम्हाला? मुलीला कामाला जुंपायला त्यांचं मन धजलं नाही. सून होते, म्हणून माझ्या हातात दिल्या. 'तुला कशाला हा ताप' म्हणाल्या ना तुम्हाला? मला कुणी म्हणालं का कधी?"

इतकी वर्षं घशात अडकलेलं ते वाक्य तिने या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. आई आपल्याला दूर ढकलते आहे असं तिने धरलं होतं. आई वाचवतही असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"घर विकायचं यांनी काढलं असं सगळे समजतात," वहिनी म्हणाली. "त्यांनी नाही. मी काढलं. मला आता होत नाही."

"मला सांगायचंस की."

"तुम्हाला? तुमच्यासमोर मी रडगाणं गाणार? तुमच्या दुकानावर पाटी आहे, ताई. तुमच्या नावाची. लोक तुम्हाला विचारून माप देतात. मंडईत जायला तुमच्याकडचा रस्ता जवळचा, पण मी लांबून जाते. मला ती पाटी बघवत नाही."

खाली धक्क्यावर डॉक्टरीणबाई लाकडी फळ्यांवर टाच आपटून बघत होत्या, तेवढाच आवाज.

ताईला पहिल्यांदा बरं वाटलं. वाईट आहे, पण खरं आहे. कुणीतरी आपला हेवा करतंय, आणि तीही ही, जिचा आपण करत आलो, हे ऐकून तिच्या जिवाला गार वाटलं. मग त्या गार वाटण्याची तिला लाज वाटली. "मला एकदा इथे राहायचं होतं गं," ती म्हणाली. "कुणीतरी पुढचं दार उघडून मला या म्हणावं, बॅग घ्यावी, चहा किती वाजता देऊ म्हणून विचारावं. आईच्या घरात एवढं एकदा व्हायला हवं होतं. त्या येणाऱ्या जाणाऱ्या लोकांचासुद्धा मला हेवा वाटायचा. चार दिवस राहून घरच्यासारखं वाटलं म्हणून लिहितात मेले."

"मग या ना. बुकिंग आहे तुमचं."

"खुर्ची येतेय ना त्या दिवशी."

वहिनीने फोन उचलला, कॅलेंडर उघडलं आणि बोटाने मागे सरकवलं. या कामात ती तरबेज होती. "रद्द करायचं नाही, नुसतं अलीकडे आणायचं. हा आठवडा मोकळाच आहे. पाहुण्या बाई आजपासून आल्या तर यजमानांची काही हरकत नाही."

"आणि यजमान कोण? तू? पुन्हा माझ्यासाठी चादरी बदलणार, कंबर धरून?" ताई उठली. तिच्या आवाजात दुकानातली ताई आली, जी गिऱ्हाइकाचं माप घेताना हात वर करा म्हणते आणि हात वर होतातच. "त्यात एक व्यक्ती आहे ते बदल. दोन कर."

"दुसरी कोण?"

"बॅग भर."

खाली आल्यावर ताईने कागद पुढे ओढले आणि पेन मागितलं. मग सही करायच्या आधी, एका दमात, सांगूनच टाकलं. "ती वेडी बाई मी आहे. खोट्या नावाने मीच बुकिंग केलं होतं. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या, मागाहून चालणार नाही."

चिमी तोंडावर हात ठेवून हसली आणि मग रडली, तिच्या क्रमाने. बापू हसला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आपल्याच घरात पैसे भरून? ताई, मला म्हणाली असतीस तर—"

"तर तू म्हणाला असतास, ये की, मागचं दार उघडंच असतं."

ताईने सही केली, अक्षर जरा तिरकं आलं. चिमीनेही केली. डॉक्टरीणबाई परत आल्या, तारीख ऐकली, मान हलवली, आणि जाता जाता पुन्हा पडद्यांबद्दल विचारलं. "राहतील पडदे," वहिनी म्हणाली. "आमच्या ताईंनी शिवलेत. त्यांचं दुकान आहे, मोठं." दुकान काही मोठं नव्हतं. ताईने खोडून काढलं नाही.

मग दोघी कामाला लागल्या. म्हणजे बापूला लावलं. "आठवडाभर यजमान तू," ताईने बजावलं. "चादरी, चहा, न्हाणी, सगळं. काही अडलं तर हिला विचारायचं नाही. ही पाहुणी आहे."

बापूने असहायपणे चिमीकडे बघितलं. चिमी म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस, मी उद्या गाडीत बसणार." आणि बॅग घेऊन खालच्या खोलीत गेली.

ताई दुकानात जाऊन चार कपडे घेऊन आली. वहिनीही एक पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली. घराला वळसा घालून दोघी पुढच्या पायऱ्यांवर आल्या. लग्नाच्या दिवशी या पायऱ्या चढले त्यानंतर आजच, वहिनी म्हणाली. पाहुण्यांसाठी दार उघडायचं ते आतून, त्यामुळे बाहेरून ते कसं दिसतं हे तीही विसरली होती. दाराच्या वरच्या चौकटीचा रंग उडाला होता. दोघींनी ते एकदमच बघितलं आणि एकमेकींना दाखवलं.

"खिडकीकडचा पलंग मी घेणार हं," वहिनी पिशवी खाली ठेवत म्हणाली.

ताई गर्रकन वळली. "अगं वा! बुकिंग कुणाचं आहे?"

"पण दोन व्यक्ती आहेत ना आता?"

"म्हणून काय पहिला पलंग तुझा? आल्या आल्याच सुरू झालीस?"

"बघा, अजून आत नाही गेलो आणि तुमच्या डोळ्यात आलं."

"आलंच आहे," ताई म्हणाली, आणि बेल दाबली.

बेलचा आवाज तिच्या आठवणीपेक्षा बारीक होता. आत पावलं वाजली. दोघींनी नकळत केस सारखे केले, पदर नीट केले. पावलं जवळ आली, थांबली, आणि उलट दिशेला गेली. स्वयंपाकघरात नव्या कडीचा सरकण्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ बापूची हाक आली, "अगं, मागून या ना! उघडलंय मी!"

वहिनी खालची पिशवी उचलायला वाकली. सवयच ती.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. तिने पुन्हा बेलवर बोट ठेवलं आणि या वेळी ते काढलं नाही.